परीराज्याची खरड छाटणी

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागा असलेल्या बायका ढिगाने सापडतील, पण परीच्या पंखांना द्राक्षाच्या रोगांतली डावणी पडते की भुरी, या काळजीने जिची झोप उडते अशी बाई एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या मुलीची सासू निघाली. निफाडच्या अलीकडच्या एका गावात मुलगी दिली तेव्हा आम्ही सगळं नीट पाहिलं होतं. बाग किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, मुलगा तंबाखू खातो का. होणाऱ्या सासूला पऱ्यांचा नाद आहे का, हे विचारायचं कुणाला सुचणार? तो तेव्हा नव्हताच, असं विहीण म्हणते. माझा विश्वास नाही. असले नाद एका दिवसात लागत नाहीत. ते आत मुरत पडलेले असतात, लोणच्यासारखे, आणि कुणीतरी बरणी उघडायची वाट बघतात.

बरणी उघडली आमच्या मोठ्या नातीने, मुक्ताने. ती तिसरीत असताना शाळेतून जादूचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. बागेत बसून ती ते आजीला मोठ्याने वाचून दाखवायची आणि आजी घड विरळायचं काम करता करता ऐकायची. पुस्तक संपलं तेव्हा मुक्ता रडवेली होऊन म्हणाली, "आजी, सगळ्या पऱ्या बर्फातच का राहतात? आपल्याकडे एकपण का नाही?" दुसरी कुठली आजी असती तर म्हणाली असती, असतील बाई, जेव आता. पण माझ्या विहिणीला तो गावाचा अपमान वाटला. हिवाळ्यात पारा उतरला की पेपरात सगळ्यात आधी निफाडचं नाव येतं. पहाटे बागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर वेली गारठतात. "थंडीच पायजे तर हितं यायला काय झालं त्यांना?" असं ती मला फोनवर विचारत होती, जणू पऱ्यांना मीच अडवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने लांब वह्या आणल्या आणि मुलांसाठी जादूची कादंबरी लिहायला घेतली. त्या पहाटेच्या शेकोट्यांच्या धुरातून पऱ्या बागेत उतरतात, असं तिने लिहिलं. सुरुवात चांगली होती, हे मी आजही कबूल करते. मला गोष्टीतलं फार कळत नाही, पण धूर कळतो.

लिहायचं म्हणजे आधी वाचलं पाहिजे, म्हणून ती नाशिकला येऊ लागली. सकाळच्या एसटीने यायचं, सातपूरला माझ्याकडे पिशव्या टाकायच्या, चहा प्यायचा आणि तडक वाचनालयातला मुलांचा विभाग गाठायचा. तिथल्या बुटक्या खुर्च्यांवर ही नऊवारी नेसलेली धिप्पाड बाई गुडघे पोटाशी घेऊन बसायची. मी एकदा सोबत गेले होते. एका चष्मेवाल्या मुलाशी तिचं जुंपलं होतं, कारण दोघांनाही ड्रॅगनचा तिसरा भाग हवा होता. मुलगा म्हणाला, "आजी, माझा नंबर आधी होता." ही म्हणाली, "तुझं अख्खं आयुष्य पडलंय रे, माझी एसटी चुकंल." शेवटी दोघं एकाच खुर्चीजवळ वाकून एकाच पुस्तकातून वाचायला लागली आणि पान उलटायच्या वेगावरून पुन्हा भांडली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, नातींसाठी नेता का? "माझ्यासाठी," विहीण म्हणाली. "पोरींना वाढायच्या आधी आमटी चाखून बघत्यात ना? तसंच हे."

चाखून झाल्यावर ती आमटीला नावं ठेवायची. जादूच्या पुस्तकांवर तिचे आक्षेप ऐकत मी कित्येक किलो मेथी निवडली आहे. कांडी फिरवून राजवाडा बांधला, ठीक, पण पाणी कुठून आणलं? राक्षस शंभर वर्षं गुहेत झोपला, मग गुहा झाडली कुणी? परी गोड बोलते, गाते, नाचते, पण दिवसभर करते काय? "नुस्ती हिंडती. आपल्याकडं असती तर सासूनं हातात खुरपं दिलं असतं." म्हणून तिच्या कादंबरीतल्या सगळ्या पऱ्यांना कामं नेमून दिलेली आहेत. कुणी घडात रंग भरते, कुणी दव पुसते, एक म्हातारी परी नुसती पाखरांशी भांडते. शेतातली वीज रात्रीची येते म्हणून जादूही तिथे रात्रीच चालते आणि मध्येच जाते. पाऊस अवेळी आला की पंखांवर डाग पडतात, मग सगळ्या पऱ्यांनी रांगेत उभं राहून मोरचुदाची फवारणी घ्यायची. मी म्हटलं, पंख निळे होतील की. ती म्हणाली, "झाल्यातच. म्हनून तर चित्रात निळे दाखवत्यात."

पण तिच्या परीराज्यातली खरी गंमत म्हणजे मानपान. तिथे तलवारीने कुणी मरत नाही, रुसव्याने राज्यं बुडतात. मंत्र कितीही खरा असला तरी ज्याच्यावर तो टाकायचा त्याला आधी रीतसर बोलावणं करावं लागतं, नाहीतर लागू पडत नाही. परीराजाचं आणि वाऱ्याच्या राजाचं सात पिढ्यांचं वैर आहे, का, तर लग्नात वाऱ्याच्या आईला साडी दिली आणि ब्लाउजपीस विसरले. आणि त्या राज्याच्या वेशीवर एक चेटकीण राहते. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, कमरेला किल्ल्या. ती कुणाला शाप देत नाही. फक्त तोंडावर खरं बोलते, आणि ते ऐकून पऱ्यांचे पंख गळून पडतात. मी ते ऐकलं, मग कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "विहीणबाई, ही कोण?" तिने चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पुसला. "कुनी नाय वं. पर लय हुशार दाखवलीय तिला."

मंत्र म्हणून बघितल्याशिवाय ती लिहून पक्का करत नसे. तोंडात घोळला पाहिजे, मुलांना पाठ झाला पाहिजे, असा तिचा हट्ट. एकदा एसटीत खिडकीशी बसून तिने वारा बांधायचा मंत्र पुटपुटायला सुरुवात केली. शेजारची बाई आधी सरकली, मग उठून पुढे गेली. त्यात हिच्या पिशवीत माझ्यासाठी आणलेली लिंबं होती, आणि गाडीने गचका खाल्ल्याबरोबर ती सगळी गाडीभर घरंगळली. पिशवीतून लिंबं, तोंडात मंत्र! कंडक्टरने गाडी थांबवली. "मावशी, हे काय चाललंय?" हिने सरळ सांगितलं, "वारा बांधतेय." गाडीत कालवा झाला. मग हिने उभं राहून सगळ्यांना गोष्टच सांगितली, पहिल्या शेकोटीपासून. नाशिक आलं तरी दोन बाया उतरेनात, चेटकिणीचं पुढे काय झालं ते सांगा म्हणून. कंडक्टरने लिंबं गोळा करून दिली, त्यातलं एक मात्र त्याने ड्रायव्हरच्या काचेपुढे ठेवून घेतलं.

आता माझी अडचण सांगते. मी फटकळ आहे. चौथीपर्यंत शिकले, नवरा कारखान्यात शिफ्टला, मी फुलं विकून घर चालवलं, आणि बाजारात गोड बोलून भागत नाही. पण मुलीची आई झाले की तोंडाला कुलूप. विहिणीचा मान मोठा. तिची पुरणपोळी दगडासारखी असली तरी दुसरी मागून घ्यायची, तिने कादंबरी वाचायला घेतली की ऐकायची आणि वा म्हणायचं. माझी मुलगी सुरेखा दर वेळी बजावायची, "आई, तू वा म्हण फक्त. मला इथे राहायचंय." मी वा म्हणत राहिले. मुक्ता तिसरीतून चौथीत गेली, चौथीतून पाचवीत, आणि मी वा म्हणतच होते, कारण कादंबरी काही संपत नव्हती.

ती संपत नव्हती याला कारण विहिणीची काम करायची पद्धत. द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. वेलीच्या सगळ्या काड्या एकदोन डोळे, म्हणजे कोंब, ठेवून छाटून टाकतात, बाग नागडी होते, आणि मग नव्या काड्या जोमाने फुटतात. विहिणीने अख्खी हयात हेच केलं, तेव्हा लिहिण्याचं दुसरं कुठलं शास्त्र तिला ठाऊक असणार? बागेत कात्री चालू झाली की ती घरात वह्या काढून बसायची आणि कादंबरी छाटायची. प्रत्येक प्रकरणाची पहिली ओळ ठेवायची, बाकी पानं फाडायची. "जुनं लाकूड ठिवलं तर नवा फुटवा रोगट येतो," असं म्हणायची. फाडलेली पानं अंघोळीच्या बंबात. दर एप्रिलात सुरेखाचा फोन यायचा, "आई, परीराज्य आज बंबात गेलं. पाणी चांगलं तापलं." मग पावसाळाभर नवी कादंबरी फुटायची, नवे राक्षस, नव्या खोड्या, शेवट जवळ यायचा, आणि पुन्हा एप्रिल.

इकडे मुली काही एप्रिलची वाट बघत थांबत नाहीत. मुक्ता बारावी झाली, इंजिनियरिंगला पुण्याला गेली. एका दिवाळीत ती घरी आली तेव्हा आजीने तिला नवं प्रकरण वाचून दाखवलं. पोरगी गुणी, शेवटपर्यंत बसली. पण मधूनमधून मोबाइल बघत होती, आणि संपल्यावर म्हणाली, "छान आहे, आजी." मी विहिणीकडे पाहिलं. व्यापाऱ्याने माल न चाखता पुढे जावं तसा तिचा चेहरा झाला. तिने वही मिटली आणि फराळाची ताटं भरायला उठली.

धाकटी ईशा तेव्हा पाचवीत होती. ती मात्र त्या कादंबरीत गळ्यापर्यंत बुडालेली. तिला सगळे मंत्र पाठ, तिच्या वेण्यांना निळ्या रिबिनी. सहावीची परीक्षा झाल्यावर ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली, आणि एका दुपारी, मी झेंडूचे हार ओवत असताना, सुई माझ्या हातातून काढून घेऊन म्हणाली, "नाशिकची आजी, तू तिला सांग ना. मला शेवट पाहिजे. परत छाटेल ती."

"तूच सांग. तुझी आजी आहे."

"मी सांगितलं. ती म्हणते पुढच्या वर्षी आणखी चांगला येईल. पण पुढच्या वर्षी मी ताईसारखी झाले तर? ताई म्हणाली, हे आपोआप होतं. एक दिवस उठतो आणि नाही आवडत."

हे ती रडत म्हणाली असती तर मी तिला लाडू देऊन गप्प केलं असतं. ती रडत नव्हती. गाडी चुकू नये म्हणून माणूस घड्याळ बघतं, तसं बोलत होती. माझ्या लक्षात आलं, हिचं खरं आहे. कादंबरी दर वर्षी नव्याने फुटेल, पण ती वाचणारी ईशा पुन्हा फुटणार नाही.

दर उन्हाळ्यात मी कुरडया करायला मुलीकडे जाते. ईशाला पोचवायचं होतंच. पोचलो तर बागेत छाटणीची माणसं, आणि ओसरीवर विहीण, मांडीवर वह्या, हातात कात्री. पहिलं पान फाडायला घेतलं होतं. सुरेखा चुलीवर गव्हाचा चीक हाटत होती. मी पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा प्यायले नाही.

"विहीणबाई, बागेला वर्षाला छाटण्या किती?"

"दोन. तुमाला म्हाईत नाय व्हय?"

"एप्रिलच्या छाटणीला द्राक्षं लागतात?"

ती हसली. "येड्यावानी काय इचारता? एप्रिलात काडी तयार व्हती. ऑक्टोबरात फळछाटणी करायची, मंग माल लागतो."

"मग तुमच्या गोष्टीची फळछाटणी आजवर एकदाही का झाली नाही?"

कात्री थांबली. सुरेखाने चुलीवरून माझ्याकडे डोळे वटारले. तिथे मी थांबायला हवं होतं, म्हणजे सुरेखाच्या मते. मी म्हटलं, "नुसती काडी तयार करून बाग चालत नाही. माल लागला की तो बाजारात न्यावा लागतो, कुणीतरी नाक मुरडतं, त्याला तुम्ही भिता. मुक्ता मोठी झाली, आता ही पण होईल. मग बंबात काय घालायचं ते घाला."

विहीण उठली. वह्या कोनाड्यात ठेवल्या, पदर सारखा केला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीकडे चालू पडली. दुपारी जेवायला आली नाही. ईशा ताट घेऊन गेली, तर ताट तसंच परत आलं. सुरेखाने कपाळावर हात मारला. "आई, अगं विहीण रुसली! आता साडी-चोळी घेऊन जा, पाया पड, काहीतरी कर. माझं काय होईल?"

"काही होत नाही. चीक बघ, गुठळ्या होतायत."

साडी-चोळी मी नेली नाही. गच्चीवर कुरडया घालत बसले. ऊन कललं तशी ती आपणच वर आली, माझ्याशेजारी टेकली आणि सोऱ्या ओढून घेऊन कुरडया घालायला लागली. तिच्या कुरडया वाकड्या येतात.

"मुक्ताला नाय आवडली," ती म्हणाली. "ते मला त्याच दिवाळीत कळलं. ईशीला बी शेवट नाय आवडला तर? आत्ता ती शेवटाची वाट तरी बघती."

"नाही आवडला तर नाही आवडला. तुमच्या पुरणपोळ्या मला कधी आवडल्या? इतकी वर्षं खाते ना?"

चीक घेऊन वर आलेल्या सुरेखाच्या हातातून पळी पडली. विहिणीने माझ्याकडे बघितलं, मग त्या वाकड्या कुरडईकडे, आणि इतकी हसली की खाली छाटणीची माणसं काम थांबवून वर बघायला लागली. "दगड व्हत्यात, व्हय ना? सासू बी म्हनायची. मेली ती, मंग कुनी खरं बोललंच नाय."

त्या एप्रिलात बंबात लाकडं गेली. फळछाटणी करायची तर कुठल्या डोळ्यात घड आहे ते आधी ओळखावं लागतं. ते काम ईशाला दिलं. ती वही वाचायची आणि सांगायची, हे राहू दे, हे नको, इथे मला झोप आली. पहिल्या दिवशी विहीण तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. दुसऱ्या दिवशी भांडायला बसली, तेव्हा मला बरं वाटलं. पाखरांशी भांडणारी म्हातारी परी ईशाने काढायला लावली, तर विहीण म्हणाली, "तिला काढशीन तर मी बी जाते." म्हातारी राहिली. मग सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, आणि शेवटाचं प्रकरण विहिणीने एकटीने लिहिलं, ईशालाही न दाखवता. मुक्ताने पुण्याहून ते सगळं टाइप करून दिलं. एका प्रकाशकाने बाड ठेवून घेतलंय. छापील तेव्हा छापील.

दिवाळीत मी पुन्हा गेले होते. ईशाच्या हातात टाइप केलेली पानं पडली आणि ती धान्याच्या खोलीत जाऊन बसली. मी तिला सहा महिन्यांनी बघत होते. उंची विहिणीच्या खांद्याला लागलेली, निळ्या रिबिनी गेल्या होत्या, केस ताईसारखे मोकळे सोडलेले. मी गेल्या गेल्या ती मला म्हणाली होती की आमच्या वर्गात आता कुणी परीबिरी वाचत नाही. विहीण ते ऐकून आत गेली आणि करंजीचं सारण उगाच पुन्हा परतलं.

पोरीने वाचायला दुपार घेतली. आम्ही दोघी ओसरीवर बसलो, मी वाती वळत, विहीण काहीच न करता, आणि तिला काहीच न करता बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. खोलीतून पान उलटल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ यायचा नाही. उन्हं उतरली तेव्हा ईशा बाहेर आली. आमच्याकडे न बघता चपला घालून बागेकडे गेली.

फळछाटणी होऊन थोडेच दिवस झाले होते. काड्यांवर हिरवे डोळे नुकते फुटलेले, पानं अशी नव्हतीच, त्यामुळे ती लांबूनही दिसत होती. मांडवाच्या तोंडाशी थांबून तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना. मग वाकून आत शिरली. आता तिला वाकावं लागतं. एका वेलीशी ती थांबली, मान वर करून त्या फुटव्यात बघत राहिली, नाक जवळजवळ काडीला टेकवून. पुढच्या वेलीशी गेली. तिथेही बघितलं. तिचे ओठ हलत होते.

मी तिला चहाला हाक मारणार होते. विहिणीने माझं मनगट धरलं. तिचा हात खरखरीत आहे. मी हाक मारली नाही.

थोड्या वेळाने ईशा परत आली, केसांतली धूळ झटकत.

"कुठे गेली होतीस?" मी विचारलं.

"कुठे नाही. डास फार आहेत तिथे." असं म्हणून ती आत गेली आणि आईकडे चहा मागायला लागली.

विहिणीने नाक पुसलं. मी वाती वळायला घेतल्या. नंतर मी खोलीत जाऊन बघितलं तेव्हा पानं नीट रचून ठेवली होती, सगळ्यात वर शेवटचं पान होतं, आणि त्यावर ती उडू नयेत म्हणून पोरीने आपली कंपासपेटी ठेवली होती.